मायक्रोफोन हातात न धरताच मिळणारा परवाना

मा. दूरसंचार मंत्री यांस,
सप्रेम नमस्कार.

हॅम रेडिओच्या, म्हणजे हौसेखातर स्वतःच्या रेडिओ सेटवरून इतरांशी बोलण्याच्या, परवाना परीक्षेसाठी बसणाऱ्या मुलांना मी शिकवतो. ओहमचा नियम झोपेतून उठवून विचारला तरी सांगतील, अशी पोरं आहेत. पण परवान्यासोबतचा कॉलसाइन (रेडिओवरचं ओळखचिन्ह) मिळाल्यावर माइक हातात दिला की त्यांच्या घशाला कोरड पडते. दोष त्यांचा नाही, परीक्षा जेवढं विचारते तेवढंच ती शिकली.

आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाच्या रेडिओ नियमावलीत हौशी सेवेची, म्हणजे हॅम रेडिओची, जी व्याख्या आहे, तिच्यात पहिलाच हेतू स्वतःहून शिकण्याचा आहे. परस्पर संपर्क आणि तांत्रिक प्रयोग त्यानंतर येतात. २००३ सालच्या जागतिक रेडिओ परिषदेत मोर्सची (टिंब-रेघांच्या सांकेतिक लिपीची) सक्ती उठली आणि ती परीक्षेत ठेवायची की नाही, हे प्रत्येक देशावर सोपवलं गेलं. मोर्स गेल्याचं मला दुःख नाही (मला तो आवडतो, ही गोष्ट वेगळी). पण परीक्षेतली हाताने आणि कानाने करायची तीच एक गोष्ट होती. आपल्याकडे प्रतिबंधित श्रेणीच्या परीक्षेतून ती काढली आणि जागा रिकामीच ठेवली.

कागदावरचा प्रश्न असा असतो: ७.१ मेगाहर्ट्झसाठी अर्धतरंग डायपोल (अर्ध्या तरंगलांबीची तारेची अँटेना) किती लांब? ३०० ला ७.१ ने भागा, निम्मे करा, पाचेक टक्के वजा करा, उत्तर साधारण २० मीटर. गुण मिळाले. आता तीच तार झाडाला बांधा. जमीन जवळ आहे, शेजारी पत्र्याचं छप्पर आहे, आणि मीटरवर एसडब्ल्यूआर (अँटेना किती जुळली ते सांगणारा आकडा, जितका कमी तितका चांगला) सगळ्यात कमी दिसतो ६.९ मेगाहर्ट्झला. म्हणजे तार लांब झाली. दोन्ही टोकांकडून मिळून अर्ध्या मीटरहून थोडी जास्त जायला हवी, पण एकदम नाही. कापलेली तार परत जोडत बसावी लागते, म्हणून बोटभर कापायची, वर चढवायची, पुन्हा मोजायचं. तिसऱ्यांदा दोरी ओढताना मुलगी विचारते, ‘सर, तार खाली आणली की आकडा का बदलतो?’ हा प्रश्न प्रश्नसंचातून कधी आला नसता.

ऐकण्याचंही तसंच. ४० मीटरच्या बँडवर (७ मेगाहर्ट्झच्या आसपासच्या लहरींवर) दुपारी काहीशे किलोमीटरवरची स्टेशनं येतात. सूर्य मावळला की आयनोस्फिअरचा (वातावरणाच्या वरच्या विद्युतभारित भागाचा) डी थर, जो दिवसा या लहरी शोषतो, विरतो आणि त्याच बँडवर हजारो किलोमीटरवरचे आवाज उमटायला लागतात. एक संध्याकाळ सेटसमोर बसलेल्याला हे पाठ करावं लागत नाही.

म्हणून मागणी एकच. परवाना मिळण्याआधी शिकाऊ उमेदवाराला परवानाधारकाच्या देखरेखीखाली प्रत्यक्ष बोलू द्या आणि ते काम परीक्षेत धरा. जर्मनीत अशा प्रशिक्षण संपर्कांची सोय आहे. लेखी परीक्षा राहू द्या, प्रश्नसंचही खुशाल जाहीर करा. अमेरिकेत पहिल्या पायरीच्या परीक्षेचे सगळे प्रश्न आधीच खुले असतात, ३५ पैकी २६ बरोबर आले की पास. माझी तक्रार त्यापुढे काहीच नसण्याबद्दल आहे.

आपले अधिकारी म्हणतील, नवशिके बँडवर गोंधळ घालतील. आज काय होतं ते पाहा. नुसत्या कागदावर पास झालेला माणूस पहिल्याच दिवशी एकटा बसतो. फ्रिक्वेन्सी मोकळी आहे का, हे न विचारता ‘सीक्यू’ (कुणीही उत्तर द्या, अशी हाक) सुरू करतो, चाललेल्या संभाषणावर चढतो. देखरेखीत तो माइक उचलेल तेव्हा शेजारी बसलेला माणूस त्याचा हात धरेल, आणि कॉलसाइन त्या माणसाचा असल्यामुळे जबाबदारीही त्याचीच राहील.

स्वतः बांधून जुळवलेली एक अँटेना, वहीत नोंदवलेले थोडे संपर्क आणि शिकवणाऱ्याची सही, एवढं पुरे. नवा विभाग नको, नवं कार्यालय नको. परीक्षेच्या दिवशी सेट, तार आणि मीटर आम्ही घेऊन येऊ.

आपला,
एक हॅम