हार्बिनच्या डॉ. झांग तिंगडोंग यांना, बार्शीहून

आदरणीय डॉ. झांग तिंगडोंग यांना,

सा. न. वि. वि.

तुमची-आमची ओळख नाही. चीनमधलं हार्बिन शहर मी नकाशावर पाहिलं आहे तेवढंच. तरीही हे पत्र सगळ्यांना वाचता येईल असं उघडपणे लिहिते आहे. माझा धाकटा भाऊ आज हिंडतोफिरतो आहे त्यात आर्सेनिकवरच्या तुमच्या कामाचा वाटा फार मोठा आहे, आणि आमच्याकडे तुमचं नाव जवळपास कुणालाच ठाऊक नाही.

भावाला ॲक्यूट प्रोमायलोसायटिक ल्युकेमिया, म्हणजे रक्ताच्या कर्करोगाचा एक प्रकार, झाला होता. इकडचे डॉक्टर त्याला एपीएल किंवा नुसतं ‘एम थ्री’ म्हणतात. दात घासताना हिरड्यांतून रक्त यायला लागलं, मग दंडावर आणि मांड्यांवर काळेनिळे डाग उठले. कुठे आपटलास का रे, असं आई विचारत राहिली. रक्ततपासणीत प्लेटलेट्स, म्हणजे रक्त गोठायला मदत करणाऱ्या पेशी, अगदीच खाली गेलेल्या निघाल्या. पॅथॉलॉजिस्टने स्लाइड पाहून स्वतः फोन केला आणि सकाळची वाट न बघता पुण्याला न्यायला सांगितलं. इतकी घाई कशासाठी हे मला नंतर समजलं. या आजारात रक्त गोठण्याची यंत्रणाच कोलमडते, आणि उशीर झाला तर माणूस मेंदूतल्या रक्तस्रावाने जातो.

पुण्याच्या हिमॅटॉलॉजिस्ट (रक्तविकारतज्ज्ञ) बाईंनी जनुकीय तपासणीचा अहवाल यायच्या आतच अट्राच्या कॅप्सूल सुरू केल्या. अ जीवनसत्त्वाच्या कुळातलं ते औषध. अहवाल आल्यावर म्हणाल्या, आता सोबत आर्सेनिक देऊ. आईचा चेहरा पांढरा पडला. तिला आर्सेनिक म्हणजे उंदीर मारायचं विष एवढंच माहीत.

आमचे मामा वैद्य आहेत, रसशास्त्र, म्हणजे धातू-खनिजांच्या औषधांचं आयुर्वेदातलं शास्त्र, शिकलेले. सोमल, मनःशील, हरताळ ही आर्सेनिकचीच रूपं, आणि शोधन करून ती औषधात वापरतात हे त्यांना पाठ. त्यांनी घाबरून न जाता एकच प्रश्न विचारला, “मात्रा किती, आणि ती ठरवता कशावरून?” बाईंनी फाइलच्या पुठ्ठ्यावरच हिशेब मांडला. वजन ६० किलो. किलोमागे ०.१५ मिलिग्रॅम, म्हणजे रोज ९ मिलिग्रॅम. कुपीत १० मिलीमध्ये १० मिलिग्रॅम असतं; त्यातलं ९ मिली काढून घ्यायचं, उरलेलं टाकून द्यायचं. ग्लुकोजच्या पाण्यात मिसळून दोन तास सावकाश शिरेतून सोडायचं. ईसीजी वरचेवर, कारण आर्सेनिकने हृदयाच्या ठोक्यातलं एक ठरावीक अंतर लांबतं. पोटॅशियम आणि मॅग्नेशियम खाली येऊ द्यायचं नाही. ताप, धाप किंवा अंगावर सूज आली तर लगेच सांगायचं, म्हणजे स्टेरॉइड देता येतं. मामांनी तो पुठ्ठा नीट वाचला आणि आईला म्हणाले, “ताई, यांनी सगळं मोजलंय. होऊ दे सुरू.”

मी डी. फार्म.च्या, म्हणजे औषधनिर्माणशास्त्राच्या पदविकेच्या, मुलांना शिकवते. भावाच्या उशाशी बसून ते थेंब पडताना पाहत असताना हे मोजमाप पहिल्यांदा कुणी केलं याचा शोध घेतल्याशिवाय मला राहवेना. त्या शोधात मी तुमच्यापर्यंत पोचले.

सत्तरीच्या दशकाची सुरुवात, चीनमधल्या सांस्कृतिक क्रांतीचा काळ. हेलोंगजियांग प्रांतातल्या लिन्दियान तालुक्यात एक गावठी वैद्य सोमल, पाऱ्याचा एक क्षार आणि भेकाचं विष अशा तीन गोष्टींचं औषध गाठींवर आणि कर्करोगावर देतो असं कानावर आलं. औषधनिर्माते हान ताइयुन यांनी १९७१मध्ये त्याचं इंजेक्शन तयार केलं. एक फार्मासिस्ट या गोष्टीच्या मुळाशी उभा आहे हे मी वर्गात दरवर्षी सांगते आणि सांगताना मला अभिमान वाटतो. तुम्ही आधी आधुनिक वैद्यक शिकलेले, मग चिनी वैद्यकाचा अभ्यास केलेले, हार्बिन वैद्यकीय विद्यापीठाच्या पहिल्या संलग्न रुग्णालयातले डॉक्टर. ते औषध ‘आपल्या पूर्वजांचं’ म्हणून तुम्ही डोक्यावर घेतलं नाहीत, आणि ‘खेडवळ’ म्हणून झटकलंही नाहीत. तुम्ही वजाबाकी करत गेलात. भेकाच्या विषाने रक्तदाब चढतो असं दिसलं, ते वगळलं. पाऱ्याने मूत्रपिंडाला इजा होते असं दिसलं, तो कमी करत नेला. शेवटी काम करणारं जे उरलं ते आर्सेनिक ट्रायऑक्साइड.

आणि दुसरी वजाबाकी रोगांची. सुरुवातीला इंजेक्शन नाना तऱ्हेच्या कर्करोगांवर वापरलं जात होतं. तुम्ही ते ल्युकेमियावर आणलं, मग ल्युकेमियाचे प्रकार वेगळे काढले. १९७९च्या लेखात ५५ रुग्णांची नोंद आहे आणि त्यात सगळ्यांत चांगला गुण एम थ्रीला येतो असं नमूद केलेलं आहे. माझ्या भावाचा जीव या एका ओळीवर उभा आहे, असं मी मनापासून मानते. ‘सर्व प्रकारच्या कर्करोगावर रामबाण’ अशी पाटी लावणं किती सोपं होतं! तसं झालं असतं तर चार-दोन वर्षं गाजावाजा होऊन ते औषध विस्मृतीत गेलं असतं, आणि एपीएलच्या रुग्णांना त्याचा पत्ताही लागला नसता.

१९९२मध्ये तुमच्या गटाने एपीएलच्या ३२ रुग्णांचा अनुभव प्रसिद्ध केला. २१ जण पूर्ण रेमिशनमध्ये गेले होते, म्हणजे तपासणीत आजाराची खूण उरली नव्हती. राहिलेल्या ११ जणांचा आकडाही त्यातच आहे, लपवलेला नाही. गुण न आलेल्यांची मोजदाद ठेवणारा चिकित्सक मला फार मोठा वाटतो.

हे सगळं चिनी भाषेत होतं, त्यामुळे बाहेर कळायला वेळ गेला. शांघायला वांग झेनयी यांनी १९८५मध्ये पाच वर्षांच्या एका मुलीला अट्रा देऊन बरं केलं होतं. त्यांचेच शिष्य चेन झू तुमच्या रुग्णालयाबरोबर काम करू लागले आणि आर्सेनिक पेशीत नेमकं काय करतं ते उलगडत गेलं. एपीएलमध्ये १५ आणि १७ क्रमांकाच्या गुणसूत्रांचे तुकडे अदलाबदल होतात, त्यातून एक जोडप्रथिन तयार होतं आणि रक्तपेशी वयात यायच्या थांबतात. त्या प्रथिनाच्या एका टोकाला अट्रा धरतं, दुसऱ्या टोकाला आर्सेनिक, आणि प्रथिन मोडून पडतं. १९९७मध्ये शांघायच्या गटाने आजार उलटलेल्या १५ रुग्णांचे निष्कर्ष मांडले. पुढच्याच वर्षी न्यूयॉर्कच्या मेमोरियल स्लोन केटरिंग कर्करोग रुग्णालयात अशाच १२ रुग्णांपैकी ११ जण रेमिशनमध्ये गेले. २०००मध्ये अमेरिकेच्या एफडीएने, म्हणजे तिथल्या औषध नियामक संस्थेने, मंजुरी दिली. २०१३मध्ये इटलीचे लो-कोको आणि त्यांचे सहकारी यांनी कमी आणि मध्यम जोखमीच्या रुग्णांत केमोथेरपीच्या जागी अट्रा आणि आर्सेनिक देऊन पाहिलं: आजार उलटणं, मृत्यू वगैरे काहीही न घडता दोन वर्षं पार पाडणारे ९७ टक्के, अट्रा आणि केमोच्या गटात ८६ टक्के. भावाला दिलेला उपचार तोच. त्याचे केसही गेले नाहीत. आईला त्याचं किती अप्रूप वाटलं म्हणून सांगू!

आर्सेनिक एकट्या चीनचं नाही, हे मी मुलांना आवर्जून सांगते. इंग्लंडमध्ये थॉमस फाउलर यांनी १७८६मध्ये आर्सेनिकचं द्रावण प्रचारात आणलं आणि एकोणिसाव्या शतकात ते ल्युकेमियावरही वापरलं गेलं. पुढे दुसरी औषधं आली आणि ते मागे पडलं. द्रव्य सगळ्यांपाशी होतं. नेमक्या कोणत्या रुग्णाला ते द्यायचं हे मात्र तुम्ही दाखवलंत.

भारताला याचा लाभ कसा झाला तेही तुम्हाला कळवायला हवं. वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजमध्ये डॉ. विक्रम मॅथ्यूज आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केमोचा खर्च न झेपणाऱ्यांचा विचार करून नव्याने निदान झालेल्या ७२ रुग्णांना निव्वळ आर्सेनिकवर ठेवलं. २००६मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या कामात ८६ टक्के रुग्ण रेमिशनमध्ये गेले. आमच्यासारख्या घरांना परवडेल असा रस्ता हार्बिनहून निघून वेल्लोरमार्गे आमच्यापर्यंत आला.

तुमच्या देशात हे काम पुढेही थांबलं नाही, आणि वनस्पतींचा भाग तर मला फारच मोलाचा वाटतो. मनःशील, नीळ, दानशेन म्हणजे साल्व्हियाचं मूळ, आणि आणखी एक मूळ अशा चार द्रव्यांची पोटात घ्यायची गोळी चिनी डॉक्टरांनी तयार केली. नुसतं रेमिशन येतं यावर ते समाधान मानून बसले नाहीत. २००८मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांत दिसलं की निळीतलं इंडिरुबिन आणि दानशेनमधलं टॅनशिनोन पेशीच्या आवरणावरचं एक वाहक प्रथिन वाढवतात आणि त्या दारातून आर्सेनिक आत शिरतं. म्हणजे त्या पाठातली एकेक द्रव्यं कशासाठी आहेत हे प्रयोगशाळेत पाहिलं गेलं. मग २०१३मध्ये २४२ रुग्णांवर गोळी विरुद्ध शिरेतलं आर्सेनिक अशी सरळ तुलना झाली. दोन वर्षांनंतर आजार न उलटलेले ९८.१ टक्के आणि ९५.५ टक्के. गोळी कमी पडली नाही. रोज दोन तास सलाइन लावून पडून राहिलेल्या माणसाच्या घरच्यांना विचारा, गोळीची किंमत ते सांगतील.

मामांना हा भाग वाचून दाखवला तेव्हा ते बराच वेळ बोलत होते. आमच्या रसशास्त्रातल्या एकेका कल्पावर अशी चाचणी व्हावी, रुग्णांच्या नोंदी ठेवल्या जाव्यात, अपयशही छापलं जावं, असं त्यांना कळकळीने वाटतं. मलाही वाटतं. कारण न मोजता काय होतं हेही आपण पाहिलं आहे. ब्रुसेल्समध्ये नव्वदीच्या सुरुवातीला वजन कमी करायला आलेल्या बायकांच्या गोळ्यांत चिनी वनस्पती म्हणून स्टेफानियाच्या जागी ॲरिस्टोलोकिया गेली, आणि धडधाकट बायकांची मूत्रपिंडं निकामी झाली. १९९३मध्ये तिथल्या व्हॅनहरवेगेम यांच्या गटाने ते उघडकीला आणलं. आमच्याकडची सापसण त्याच कुळातली आहे. ‘झाडपाला आहे, अपाय होत नाही’ असं कुणी म्हणालं की मी ही हकिगत सांगते. आणि भावाची हकिगत ऐकून सोमल कुठे मिळेल असं विचारणारे येतात, त्यांना हात जोडून सांगते की हे औषध एका विशिष्ट आजाराचं आहे, रक्ताच्या तपासण्या आणि ईसीजी यांच्या पहाऱ्यातच द्यायचं आहे. तुमच्या कामाचे आभार मानायचे तर त्या कामातली शिस्तही सांगायला हवी.

२०२०मध्ये तुम्हाला आणि वांग झेनयी यांना मिळून चीनचं फ्यूचर सायन्स पारितोषिक मिळालं हे वाचलं तेव्हा घरचंच कुणी गौरवलं गेल्यासारखा आनंद झाला. हान ताइयुन यांचेही आभार तुमच्या मार्फत मानते. आणि त्या पहिल्या रुग्णांचे, ज्यांनी हार्बिनच्या वॉर्डात दंड पुढे केला तेव्हा पुढे काय होणार हे कुणालाच माहीत नव्हतं. त्यांतले कितीतरी वाचले नाहीत. त्यांच्या नोंदींवरून माझ्या भावाची मात्रा ठरली.

भावाचे उपचार पूर्ण झाले आहेत. ते जोडप्रथिन शोधणारी तपासणी अजून ठरल्यावेळी होते, आणि निगेटिव्ह येते. त्याचं मोटर रिवाइंडिंगचं दुकान पुन्हा सुरू झालं आहे. या पत्राचं चिनी भाषांतर करून ते रुग्णालयाच्या पत्त्यावर पाठवते आहे. मामांनी विचारायला सांगितलं आहे की सुरुवातीच्या काळात मात्रा वाढवताना कुठे थांबायचं हे तुम्ही कशावरून ठरवत होता; कुणी तुमच्या वतीने दोन ओळी लिहिल्या तरी त्यांना फार बरं वाटेल. आईने तुम्हाला नमस्कार सांगितला आहे. घरातल्या थोरांना आमचा नमस्कार, लहानांना आशीर्वाद.

कळावे, लोभ असावा.

आपली कृतज्ञ,
बार्शीची एक फार्मसी शिक्षिका