मोठ्या कपाचे बटण आणि पाणचट कॉफी

माननीय संपादक यांस,
सप्रेम नमस्कार.

छत्रपती संभाजीनगरच्या वाळूज, चिकलठाणा या औद्योगिक वसाहतींतील कार्यालयांत आणि हॉटेलांच्या खोल्यांत पॉडमधून, म्हणजे कॉफीची पूड भरलेल्या छोट्या बंद डबीतून, एका वेळी एकच कप कॉफी काढणारी यंत्रे दिसू लागली आहेत. मोठ्या कपाचे बटण दाबले म्हणजे कॉफी जास्त मिळते, असे ती वापरणाऱ्या बहुतेकांना वाटते. प्रत्यक्षात पॉडमधील पूड ठरलेली असते. बटण वाढवते ते फक्त पाणी. वरणात पाणी ओतून डाळ वाढत नाही, तसेच हे आहे. दर पॉडमागे चांगले पैसे मोजूनही लोक पाणचट कॉफी पितात आणि दोष पुडीला देतात, याचे वाईट वाटते.

क्युरिग या कंपनीच्या पॉडमध्ये साधारण 9 ते 12 ग्रॅम पूड असते. ती 10 ग्रॅम धरली, तर 180 मिलिलिटरच्या कपात लिटरमागे सुमारे 55 ग्रॅम पूड पडते आणि गाळून केलेल्या कॉफीसाठी जाणकार हेच प्रमाण मानतात. त्याच पॉडमधून 300 मिलिलिटर पाणी सोडले की ते 33 ग्रॅमवर उतरते. नेस्प्रेसो या दुसऱ्या कंपनीच्या लहान कॅप्सूलमध्ये (म्हणजे पॉडमध्येच) तर जेमतेम 5-6 ग्रॅम पूड असते आणि तिच्या एस्प्रेसोचे, म्हणजे लहान कडक कॉफीचे, माप 40 मिलिलिटरच आहे.

शिवाय अशी कॉफी पातळ असूनही कडवट लागते. यंत्राच्या तोटीखाली काचेचा ग्लास धरून पाहावे: सुरुवातीची धार गडद तपकिरी, मग तांबूस आणि शेवटी फिकट पिवळसर. चव, सुगंध आणि बहुतेक कॅफिन आधीच्या धारेत उतरलेले असते. मागाहून येणाऱ्या पाण्यात कडू-तुरट अंशच जास्त. म्हणून ज्यांना मोठा कप हवा, त्यांनी लहान बटणावर कॉफी काढून वरून गरम पाणी घालावे, म्हणजे ती सौम्य होईल, पण कडवट होणार नाही. आपल्याकडे बहुतेकांना दुधाची कॉफी लागते. दूध तिला आणखी पातळ करत असल्याने तेव्हा तर सर्वांत लहान बटणच वापरावे. कडक आणि मोठी, दोन्ही हवी असेल, तर दुसऱ्या पॉडला पर्याय नाही.

अनेक यंत्रांवर नुसती लहान-मोठ्या कपांची चित्रे असतात. विक्रेत्यांनी आणि हॉटेलचालकांनी प्रत्येक बटणाचे मिलिलिटर व पॉडमधील पुडीचे ग्रॅम यंत्राशेजारी मराठीत लिहून लावावेत, अशी कळकळीची विनंती आहे. तोवर ग्राहकांनी खोक्यावरील निव्वळ वजनाला पॉडच्या संख्येने भागून एका कपाची पूड स्वतः काढावी आणि मगच बटण निवडावे.

आपला,
एक वाचक, छत्रपती संभाजीनगर