अलिबागच्या काकूंना, ट्रंकेबद्दल

आदरणीय काकू,
सप्रेम नमस्कार.

हे पत्र पोस्टानं पाठवता आलं असतं, पण तुम्ही जे केलंत ते आमच्या सगळ्या बेने इस्रायल, म्हणजे कोकणातल्या मराठी ज्यू, मंडळींना कळावं असं मनापासून वाटलं, म्हणून जाहीर लिहिते आहे.

१९६४ साली मावशीआजी इस्रायलला निघाली तेव्हा इस्रायल आळीतल्या घराची किल्ली आणि एक पत्र्याची ट्रंक तुमच्या सासूबाईंच्या हवाली करून गेली. 'आले की नेईन' म्हणाली होती. अश्दोदला गेली ती तिथलीच झाली. मागे घर विकलं गेलं, सासूबाई गेल्या, तुमच्या घराची कौलं उतरून स्लॅब पडला. ट्रंक मात्र दर वर्षी पावसाळ्याआधी उन्हात निघत राहिली. कसर लागू नये म्हणून तुम्ही आत कडुनिंबाचा पाला घालत होतात. दुसऱ्याच्या ठेवीसाठी साठ वर्षं कोण एवढं करतं?

त्यात ७४ फोटो निघाले.

नवगावच्या किनाऱ्यावर गलबत फुटलं, सात पुरुष आणि सात बाया वाचल्या, त्यांचे आम्ही वंशज, ही गोष्ट ऐकतच मी मोठी झाले. शनिवार आमचा शब्बाथ, विश्रांतीचा दिवस, तेव्हा तेलाचा घाणा बंद म्हणून लोक आम्हाला 'शनवार तेली' म्हणायचे, हेही ऐकलेलं. हाईम सॅम्युएल किहीमकरांनी १८९७ मध्ये समाजाचा इतिहास लिहून पुरा केला, तो छापून निघायला १९३७ उजाडलं. त्यात आमच्या रीतीभाती सापडतात. माझी पणजी कशी दिसायची, ते कुठून सापडणार?

ते तुम्ही दाखवलंत. ओट्यावरचा तो फोटो मी आठवडाभर न्याहाळत होते. नऊवारी, नथ, मांडीवर मूल. कुणाचं घर, कुठली माणसं, काही कळेना. तुम्ही भिंग मागितलंत आणि थेट दाराच्या चौकटीवर बोट ठेवलंत. 'ही बघ तुमची डबी. आत-बाहेर करताना हात लावून बोटांचा मुका घ्यायचे सगळे. मी नवी नवरी, मीपण घ्यायला लागले, तर तुझी मावशीआजी हसत सुटली.' नखाएवढा, तिरपा लावलेला मेझुझा, धर्मवचनांची गुंडाळी ठेवलेली आमची दारावरची डबी! मग एकेक नाव आलं. नथवाली माझी पणजी. तिच्या मांडीवर माझी आजी.

मलिद्याच्या, म्हणजे आमच्या नवसाच्या प्रसादाच्या, ताटाचा फोटो पाहिलात तेव्हा तुम्ही बराच वेळ बोलला नाहीत. मग म्हणालात, एलियाहू हन्नाबीचा, म्हणजे एलिया प्रेषिताच्या नावाचा, मलिदा झाला की गोड पोहे, खोबरं, फळं घालून एक वाटी कुंपणावरून तुमच्याकडे यायची. आणि शनिवारी त्यांची चूल बंद, म्हणून चहा तुमच्या चुलीवर व्हायचा. हे कुठल्याच फोटोत नाही, म्हणून वहीत वेगळं उतरवून ठेवलंय.

काचेला चिकटलेला फोटो मी ओढायला गेले तेव्हा तुम्ही माझा हात धरलात, त्याचेही आभार. आमच्या घरचा एक फोटो असाच एका दुकानात काचेवरून सोलला गेला आणि पणजोबांचा अर्धा चेहरा काचेवरच राहिला. हा मी काचेसकट स्कॅन केला. बाकीचेही ६०० डीपीआयवर झाले. तुम्ही सांगितलेली नावं मऊ पेन्सिलीनं, हलक्या हातानं मागे लिहिली. अश्दोदला मावशीआजीच्या नातीला सगळे पाठवले. तिला मराठी वाचता येत नाही, म्हणून नावं फोनवर सांगितली आणि तिनं ती हिब्रूत लिहून घेतली. आपल्या आजीचा लहानपणीचा चेहरा तिनं पहिल्यांदाच पाहिला.

११ फोटोंना अजून नाव नाही. दिवाळीनंतर ते घेऊन येते, या वेळी मोठं भिंग आणते. ट्रंक मात्र न्यायचं मन होत नाही, ती तुमच्याच माळ्यावर राहू दे. मलिद्याचे पोहे मी ठाण्याहून आणते, नारळ तुमच्या परसातला काढून ठेवा.

तुमची,
ट्रंकवाल्यांची नात