संप झालाच कुठे, विलास?

भुसावळ,
21 डिसेंबर 2025

प्रिय विलास,

तुझा तो लांबलचक मेसेज वाचला. विमानतळावर नऊ तास ताटकळलात, वहिनी सुटकेसवरच डुलक्या घेत बसल्या, भाचीची हळद हुकली ती हुकलीच. वाईट वाटलं रे. पण शेवटी तू लिहिलंस, "या पायलट लोकांना मेस्मा लावा आणि आत टाका." फोन केला असता तर भांडण झालं असतं, म्हणून कागद घेतला.

आधी एक खुसपट काढतो, सवय जात नाही. मेस्मा म्हणजे अत्यावश्यक सेवांतला संप रोखणारा कायदा, तो राज्याचा. विमानवाल्यांना लावायचा तर कायदा केंद्राचा हवा. पण लावायचा कशासाठी भो? संप झालाच कुठे?

पायलटांना आठवड्याला सलग 36 ऐवजी 48 तास विश्रांती, रात्रीची लँडिंग सहावरून दोनवर, हे नियम जानेवारी 2024 मध्येच जाहीर झाले होते. अंमलबजावणी रेंगाळली, पायलटांच्या संघटना दिल्ली हायकोर्टात गेल्या, तेव्हा कुठे ते टप्प्याटप्प्यानं आले. दुसरा टप्पा 1 नोव्हेंबरला. तोवर इंडिगो कंपनीनं माणसांची पुरेशी तजवीज केली नाही आणि डिसेंबरात हजारो फेऱ्या रद्द झाल्या. मग सरकारनं काय केलं? नियमच सैल केले! एक दिवसही काम बंद न करणाऱ्यांची झोप कापली, आणि तुझा राग निघाला त्यांच्यावरच.

तुला आपला रेल्वेचा कॉलमन आठवतो का, ड्यूटीवर बोलवायला यायचा तो? रात्री दोनला क्वार्टरची कडी वाजायची. आई कंदील धरायची, दादा कॉलबुकात सही करायचे, लाइन बॉक्स उचलायचे आणि शेडकडे निघायचे. परत यायचे ते कधी दुसऱ्या दिवशी, कधी तिसऱ्या. डोळे लाल, बोलायचं त्राण नाही. ऑगस्ट 1973 मध्ये लोको रनिंगवाल्यांनी, म्हणजे इंजिनवरच्या माणसांनी, काम थांबवलं तेव्हा दहा तासांच्या ड्यूटीचं आश्वासन मिळालं. ते पाळलं गेलं नाही. मग मे 1974 चा रेल्वे संप, सतरा लाख माणसं. सरकारनं डीआयआर, म्हणजे भारत संरक्षण नियम, लावून तो बेकायदा ठरवला, संपाचे नेते जॉर्ज फर्नांडिसांना सुरू व्हायच्या आधीच उचललं. तुझ्या बाबांची नोकरी गेली, तुमच्या क्वार्टरच्या दारात ट्रंका काढून ठेवल्या होत्या, त्यावर तू आणि मी गोट्या खेळलो. आपल्याला मजाच वाटत होती. तुझ्या बाबांना नोकरी परत मिळाली ती 1977 नंतर, सरकार बदलल्यावर. तेव्हा "आत टाका" म्हणणारेही पुष्कळ होते, विलास.

माझी पुतणी मुंबईत केबिन क्रू आहे. ती सांगते, "काका, मूळ पगार थोडा. खरी कमाई उड्डाणाच्या तासांची, आणि तास मोजायचे ते विमानाचं चाक हलल्यापासून." म्हणजे तुझी बॅग वर कोंबणं, रडणारं पोर, उशीर झाल्यावर तुझ्यासारख्यांच्या शिव्या, हे सगळं त्या हिशेबाबाहेर. कॅनडात ऑगस्टमध्ये एअर कॅनडाच्या दहा हजारांवर केबिन क्रूनी पगाराबरोबर याच कारणावरून संप केला. बारा तासही झाले नाहीत तोच मंत्र्यांनी कामगार कायद्याचं 107 वं कलम वापरून कामावर जायचा हुकूम काढायला लावला. बायाबापड्या गेल्याच नाहीत! चौथ्या दिवशी तडजोड झाली, जमिनीवरच्या वेळेचेही काही पैसे कबूल झाले. हुकूम मुकाट्यानं मानला असता तर काय पदरात पडलं असतं, सांग.

तू म्हणशील, प्रवाशांनी काय घोडं मारलंय? खरं आहे. म्हणून नोटीस द्या, वाटाघाटी करा, इथवर मला मान्य. विमानवाल्यांना नोटिशीची सक्ती जुन्या औद्योगिक विवाद कायद्यातही होती. आता गेल्या 21 नोव्हेंबरपासून नव्या औद्योगिक संबंध संहितेनं ती सगळ्याच उद्योगांना लावली. शिवाय निम्म्या लोकांनी ठरवून किरकोळ रजा टाकली तरी तो संप. समेटाची बोलणी सुरू असताना बंदी, प्रकरण न्यायाधिकरणाकडे गेलं की तिथेही बंदी, निकालानंतर साठ दिवस परत बंदी. मग संप करायचा कधी? आणि मोडला नियम तर हजार ते दहा हजार दंड किंवा महिन्यापर्यंत कैद, किंवा दोन्ही. दादा असते तर म्हणाले असते, बैलाचे चारी पाय बांधायचे आणि वर म्हणायचं, चाल की!

संपावर बंदी कुठे चालेल हे ठरवताना आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेची समिती एक साधा प्रश्न विचारते: काम थांबलं तर लोकांचा जीव, सुरक्षितता किंवा आरोग्य धोक्यात येतं का? आकाशातल्या वाहतुकीचं नियंत्रण करणारे त्यात बसतात, ते मीही मानतो. पायलट बसत नाहीत. उलट थकलेला पायलट उडवला तर जीव धोक्यात येतो, हे तर दादांच्या लाल डोळ्यांवरून मला दहाव्या वर्षीच कळलं होतं.

असो. पुतणी जानेवारीत चार दिवस येतेय. बामणोदची वांगी आणून ठेवतो, शेतात पऱ्हाटीवर भाजू, सोबत कळण्याची भाकरी. तू आणि वहिनी या, आणि काय भांडायचं ते तिच्याशी भांड. तिकीट मात्र रेल्वेचं काढ.

तुझा,
सुधाकर