वायफाय सारखं उड्या मारतं तेव्हा

चि. मनू,
अनेक आशीर्वाद.

लॅपटॉप आपोआप दुसऱ्याच वायफायवर जातो आणि मीटिंग मधेच तुटते, म्हणून नवा ॲडॉप्टर, म्हणजे वायफाय पकडणारा लॅपटॉपचा भाग, घ्यायचं म्हणतेस. जरा थांब. ॲडॉप्टर बिघडला तर सहसा नेटवर्कच दिसेनाशी होतात, नाहीतर विंडोजच्या डिव्हाइस मॅनेजरमध्ये, म्हणजे लॅपटॉपच्या भागांच्या यादीत, त्याच्यावर पिवळं चिन्ह येतं. तुझा तर जोडला जातोय, फक्त एका जागी टिकत नाही. हा बहुतेक वेळा सेटिंगचा घोळ असतो. आणि कुठल्या नेटवर्कला जोडून घ्यायचं हे शेवटी लॅपटॉपच ठरवतो. राउटर फार तर सुचवतो किंवा हाकलून देतो. त्यामुळे राउटरला शिव्या घालण्यात अर्थ नाही.

आधी एवढंच बघ, उडी मारल्यावर नेटवर्कचं नाव बदलतं का? कमांड प्रॉम्प्ट, म्हणजे हुकूम टाइप करायची खिडकी, उघडून 'netsh wlan show interfaces' हा हुकूम दे. नाव, बीएसएसआयडी (BSSID, म्हणजे नेमक्या कुठल्या सिग्नलशी जोडलंय त्याचा ओळखक्रमांक), चॅनल आणि सिग्नलची टक्केवारी दिसेल. ती लिहून ठेव, आणि नेट तुटून परत जोडलं की पुन्हा बघ.

नाव बदललं असेल तर काम सोपं आहे. विंडोजने आजवरची सगळी नेटवर्क लक्षात ठेवलेली असतात, कधीतरी वापरलेला फोनचा हॉटस्पॉटसुद्धा. नको ती 'फरगेट' कर. जी ठेवायची, पण आपोआप जोडली जायला नकोत, त्यांच्यापुढची 'कनेक्ट ऑटोमॅटिकली'ची खूण काढ. शिवाय कंट्रोल पॅनेलमधल्या वायरलेस प्रॉपर्टीजमध्ये, जोडलेलं असतानाही इतर नेटवर्क शोधत राहण्याची एक खूण असते. ती कुणी करून ठेवली असेल तर काढून टाक.

नाव तेच राहून बीएसएसआयडी बदलत असेल, तर लॅपटॉप एकाच नावाच्या दोन लहरीपट्ट्यांमध्ये (बँडमध्ये), म्हणजे 2.4 आणि 5 गिगाहर्ट्झमध्ये, ये-जा करतोय. किंवा राउटर आणि त्याचा सिग्नल पुढे पोचवणारा रिपीटर यांच्यात. पाच गिगाहर्ट्झचा वेग जास्त, पण भिंतींपुढे तो लवकर थकतो; सिग्नल पडला की लॅपटॉप पळ काढतो. डिव्हाइस मॅनेजरमध्ये ॲडॉप्टरच्या प्रॉपर्टीजमधला 'ॲडव्हान्स्ड' टॅब उघड. इंटेलचा ॲडॉप्टर असेल तर तिथे 'रोमिंग ॲग्रेसिव्हनेस' सापडेल, म्हणजे दुसरा सिग्नल शोधायला लॅपटॉप किती उतावळा असावा ते. त्याच्या पाच पायऱ्या असतात आणि मुळात तो मधल्या पायरीवर असतो. एक पायरी खाली आण. एकदम तळाला नेऊ नकोस, नाहीतर खोली बदललीस तरी तो जुन्याच मरतुकड्या सिग्नलला जळवेसारखा चिकटून बसेल. तू एकाच टेबलावर बसून काम करत असशील तर मात्र तळाला नेलंस तरी बिघडत नाही. तिथेच 'प्रेफर्ड बँड' दिसला तर टेबलावर सिग्नल चांगला येतो तोच बँड निवड. वीज वाचवायला ॲडॉप्टर बंद करण्याची परवानगी 'पॉवर मॅनेजमेंट'मध्ये असते, तीही काढ; हा टॅब सगळ्या लॅपटॉपवर नसतो.

एका वेळी एकच गोष्ट बदल, नाहीतर गुण कशाने आला ते कळणार नाही.

एवढं करूनही थांबलं नाही तर ॲडमिनिस्ट्रेटर म्हणून 'netsh wlan show wlanreport' चालव. गेल्या तीन दिवसांत कधी तुटलं आणि का तुटलं, याचा अहवाल तयार होतो. तो मला पाठव, मी बघते. पण भलत्या कुणाला देऊ नकोस, त्यात लॅपटॉपचे नेटवर्कवरचे पत्ते आणि तुझ्या नेटवर्कची नावं सगळी उघडी असतात.

तुझी,
आई