चि. संदीपला, मेडिकलवरून

चि. संदीप, अनेक आशीर्वाद.

काल फोन मधेच ठेवलास, असू दे. सूनबाईकडून कळलं की सैन्याच्या मेडिकलला वजन जास्त निघालं आणि टी-२४ लावलंय, म्हणजे चोवीस आठवडे खालची मेडिकल कॅटेगरी. मला सांगितलं नाहीस कारण आण्णा लेक्चर देणार. शुगरचा विषय काढणार नाही असं तुझ्या आईला कबूल करून लिहायला बसलोय.

तू म्हणतोस बीपीईटीला, म्हणजे सैन्याच्या फिटनेस टेस्टला, ५ किलोमीटर आजही नव्या पोरांच्या पुढं पळतो. पळतोस, माहितीय मला, आणि चारचौघांत सांगतोही. बेळगावला ट्रेनिंग संपून शपथेच्या कसम परेडला तू उभा होतास तेव्हा बेल्ट असा सैल की आई मला म्हणाली ह्याला जेवायला देतात का नाही. पण पळता येतं म्हणजे आतलं सगळं ठीक असं नसतं रे. पुण्याच्या केईएम हॉस्पिटलमधले डॉ. याज्ञिक आणि लंडनचे डॉ. युडकिन यांचा फोटो २००४ साली लॅन्सेट या डॉक्टरांच्या मासिकात आला होता, दोघांचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानानं वजन, अगदी एकच, २२.३, पण अंगातली चरबी युडकिनांच्या ९.१ टक्के आणि याज्ञिकांच्या २१.२. आपल्याकडं असंच, हातपाय बारीक आणि साठतं सगळं पोटात. म्हणून आपल्याला बीएमआय २३ झाला की जास्त आणि पुरुषाची कंबर ९० सेंटिमीटरच्या आत पाहिजे. पॅन्टच्या नंबरावर जाऊ नको, ती तू पोटाखाली घालतोस. टेप बरगडी आणि कमरेच्या हाडाच्या मधोमध लावायची. गणपतीत मी लावली तेव्हा केवढा चिडलास, पाहुण्यांसमोर लावायला नको होती हे मान्य, पण ९७ भरली ना?

ग्लेशियरच्या पोस्टिंगवरून उतरलास तेव्हा गाल बसलेले. मग पीस स्टेशन, म्हणजे सीमेपासून लांबची निवांत पोस्टिंग, त्यात स्टोअरची ड्युटी, दिवसभर खुर्ची, आणि लंगरची, म्हणजे जवानांच्या स्वयंपाकघरातली, थाळी मात्र तीच, सकाळी पुऱ्या, बडाखान्याच्या मेजवानीला काय विचारायलाच नको, वर कॅन्टीनची बाटली. जेवणातली साखर सगळ्यात जास्त ओढून घेतात ते स्नायू. एक तास पीटी आणि उरलेला दिवस बसून, शिवाय पोटात आणि लिव्हरमध्ये चरबी, मग ते इन्सुलिनला दाद देईनात. बघ, आलोच शुगरवर. सॉरी.

आपल्या घरातल्या दादांचा डाव्या पायाचा अंगठा शुगरनं काढावा लागला तेव्हा तू बारावीला होतास म्हणून तुला आम्ही लांबच ठेवलं. ड्रेसिंग मी करायचो. सुभेदार होऊन आले, पेन्शन सुरू झाली आणि पहाटेचं उठणं सुटलं ते सुटलंच. तरी २६ जानेवारीला शाळेत झेंड्याला जायचं म्हणून दोन्ही बूट स्वतः पॉलिश करायचे, आणि डाव्या बुटाच्या टोकाला मी कापूस कोंबायचा, चालताना बूट दुमडू नये म्हणून. कुणाला कळायचं नाही. मला मात्र त्यांच्या चालीकडंच बघत बसावं लागायचं.

असो. आता टेस्ट काढायची म्हणून चार दिवस उपाशी राहून, अंगाला प्लास्टिक गुंडाळून उन्हात पळू नको. त्यानं पाणी जातं, चरबी नाही, आणि वजनदार माणसाला हीट स्ट्रोक लवकर होतो. पुऱ्या आणि बाटली बंद, संध्याकाळी जेवल्यावर अर्धा तास चाल, गेम्स परेड बुडवू नको. मेडिकल बोर्डाला शेप-वन, म्हणजे पूर्ण फिट कॅटेगरी, परत मिळतं, आमच्या कंपनीतल्या कितीकांना मिळालेलं बघितलंय मी. कॅटेगरीचं मला एवढं टेन्शन नाही खरं तर, प्रमोशनही सहा महिने मागंपुढं होईल.

रिपोर्टमध्ये एचबीएवनसी, म्हणजे गेल्या तीन महिन्यांची सरासरी शुगर, किती आलंय? ५.७ ते ६.४ म्हणजे काठावर, तिथून अजून मागं फिरता येतं. ट्रायग्लिसराईड, म्हणजे रक्तातली चरबी, १५०च्या वर आहे का तेही बघ. रिपोर्टचे फोटो पाठव, सगळ्या पानांचे, मागच्या वेळेसारखं फक्त पहिलं पान नको. आईला दाखवणार नाही. ती दिवाळीच्या करंज्या पाठवणार आहे, तिला नाही म्हणायचं मला जमलं नाही, तू त्या सेक्शनमध्ये वाटून टाक.

आण्णा