अकरा बोल्ट

प्रिय विन्या,

आठ महिने पत्र नाही, फोन नाही, आणि आज हे जाडजूड पाकीट. म्हणजे काहीतरी बिघडलंय, हे तू उघडायच्या आधीच ओळखलं असशील. तब्येत बरी आहे. गुडघा तसाच, गोळी चालू. झालं.

आपली युद्धातली जीप मी सिनेमाला दिली होती. आधी खाली बस, मग पुढचं वाच.

दुसऱ्या महायुद्धावरचा सिनेमा. त्यांनी दोन जीप आधीच आणून ठेवल्या होत्या. दोन्ही सीजे-थ्रीबी, त्या उंच बॉनेटवर पांढरा तारा रंगवलेला. मला राहवलं नाही. म्हटलं, अहो, नवं इंजिन उंच होतं म्हणून हे बॉनेट उंच केलं, आणि ही गाडी आली १९५३ मध्ये. १९४४ च्या लढाईत ती कशी पोचली? कलादिग्दर्शकानं सगळं नीट ऐकून घेतलं आणि म्हणाला, "मग तुमची द्या." मी दिली. तुला विचारलं नाही, कारण तू काय म्हणशील ते मला पाठ होतं. "साक्षीदाराला नाटकात उभं करू नकोस."

त्यांना मशीनगन बसवायची होती, म्हणजे फ्लोअरला भोकं पाडणं आलं. युद्धात मशीनगनचा खांब खरोखरच असा फ्लोअरवर बसवत, म्हणून मी तयार झालो. चार भोकं पडली. तेही सोसलं असतं रे. पण खांब बसवायला त्यांनी मागची सीट काढली, कॅनचा कंस काढला, स्टेपनीचा कंस काढला. गाडी परत आली ती धुऊनपुसून. दुसऱ्या दिवशी सकाळी मी मागच्या पत्र्यावरून सवयीनं हात फिरवला, तर अंगठ्याला काही लागेच ना. बोल्टांची डोकी गुळगुळीत. मग गाडीभर एक एक करून मोजले. अकरा बोल्ट नवे, बाजारातले. एकावरही फोर्डचा 'एफ' नाही.

फोन केला, तर तिकडचा माणूस समजावणीच्या सुरात म्हणाला, "साहेब, जुने गंजलेले होते, उलट नवे टाकून दिलेत." तो खोटं बोलत नव्हता. त्याच्या दृष्टीनं त्यानं चांगलंच काम केलं होतं. जुने कुठे गेले, ते तिथे कुणालाच सांगता येत नाही.

हे मी कुणाला सांगू? घरी सांगितलं, तर हिनं मायेनं विचारलं, "अकराच ना?" युद्धात सहा लाखांहून जास्त जीप बनल्या. त्यात विलीज कंपनीच्या किती, फोर्डच्या किती, याच्याशी लोकांना काय करायचंय? पण तू आणि मी त्या गाडीखाली उताणे पडून पुढची आडवी पट्टी चाचपली होती. विलीजची असते ती गोल नळी, आणि आपली निघाली उलट्या पन्हळीसारखी. मग रॉकेलचा बोळा घेऊन तू पहिल्या बोल्टवरचा गंज उतरवलास, वळणदार 'एफ' दिसला, आणि तू असा ओरडलास की अण्णा चप्पल न घालता बाहेर आले. फोर्डनं जवळजवळ प्रत्येक सुट्या भागावर आपला शिक्का मारला होता, बोल्टच्या डोक्यावरसुद्धा. त्या महिनाभरात आपण दुसरं काहीच केलं नाही.

आपलं भांडण खरं तर तेव्हापासूनचंच. अमेरिकी जनरल पॅटनवरचा 'पॅटन' बघताना जर्मनांचे म्हणून स्पेनच्या सैन्याचे अमेरिकी एम-४७ रणगाडे आले, आणि तू थिएटरात मोठ्यानं म्हणालास, "अरे, या रणगाड्याचं नावच पॅटन! पॅटनची लढाई पॅटनशीच!" पुढचा माणूस वळून बघेपर्यंत आपण दोघं खुर्चीखाली. पण 'अ ब्रिज टू फार'च्या वेळी मी हसलो नाही. डच सैन्याचे युद्धानंतरचे लेपर्ड रणगाडे जर्मन पँथरचं सोंग घेऊन आले, आणि मी चिडलो, तर तू म्हणालास, "रणगाडे सोड, माणसं बघ." मी म्हणालो तुला डोळे नाहीत, तू म्हणालास मला काळीज नाही. दोन महिने अबोला. मधल्यामध्ये शैलाला निरोप्याचं काम.

'सेव्हिंग प्रायव्हेट रायन'मधले नकली जर्मन टायगर रणगाडे मात्र तू आधी ओळखलेस. "चाकं मोज. बाजूला पाच, आणि खवल्यांसारखी एकावर एक नाहीत. पट्टा ओढणारं दातेरी चाकही मागे. खाली रशियन टी-३४ आहे." आणि वर म्हणालास, "बरं केलं त्यांनी. खऱ्याला चिखलात कशाला लोळवायचं?" २०१४ मध्ये 'फ्यूरी' आला, त्यात इंग्लंडमधल्या बोव्हिंग्टनच्या रणगाडा-संग्रहालयातला खरा टायगर, १९४३ मध्ये ट्युनिशियात पकडलेला १३१ नंबरचा. मी रात्री साडेअकराला तुला फोन केला, बघ, खरा म्हणजे काय असतो! तू एवढंच विचारलंस, "परत नीट गेला का?" तेव्हा मला राग आला होता. गेले पंधरा दिवस तेच वाक्य डोक्यात घुमतंय.

तरी एक सांगतो, आणि हे तुला पटवायला सांगत नाही. शूटिंगला मी होतो. एक कोवळा नट. आधी त्याला थ्रीबीत बसवलं, तर फोटोला बसावं तसा बसला. मग आपल्या गाडीत. दार नाही, जुन्या स्प्रिंगांचे दणके. पहिल्याच खड्ड्याला त्याचा एक हात हेल्मेटवर गेला, दुसऱ्यानं त्यानं काच धरली आणि पाय आत ओढला. असं कर म्हणून कुणी सांगितलं नव्हतं. गाडीनं त्याच्याकडून करून घेतलं. ते चार सेकंद पडद्यावर खरे दिसणार, विन्या. म्हणून अजूनही पूर्ण चुकलो असं म्हणायला जीभ रेटत नाही. आणि ते चार सेकंद आठवले की पाठोपाठ अंगठ्याखालचे गुळगुळीत बोल्टही आठवतात.

तुझं नवं काम कसं चाललंय? चिमीचा निकाल लागला असेल, कळव. आईंना नमस्कार.

आता मुद्द्याचं. अण्णा पुढच्या महिन्यात येतायत. त्यांना आता जवळजवळ दिसत नाही. गाडी ते हातानं बघतात, आणि हात आधी मागच्या पत्र्यावर जातो, तुला माहीत आहे. त्यांच्यापासून लपवणार नाही, आल्या आल्या सांगणार आहे.

घर बदलताना तू तो चपटा पत्र्याचा डबा घेऊन गेलास, आपल्या जादा बोल्टांचा. मी तुला सगळ्यांदेखत चोर म्हणालो. तो शब्द मी मागे घेतो. फार आधी घ्यायला हवा होता. तू नेलास म्हणून तो डबा शाबूत आहे, माझ्याकडे असता तर तोही मी सिनेमावाल्यांना दिला असता.

त्यात किती आहेत ते मोजून कळव. अकरा नसले तरी चालेल. मागच्या पत्र्याला पाच लागतात.

तुझा,
बाळ्या